जुन्या छोट्या शर्यती मोटारींसाठी अ‍ॅल्युमिनियमचे इंजिन-ब्लॉक

मोटारीच्या इंजिनाचा मुख्य सांगाडा म्हणजे ब्लॉक. सिलिंडर, क्रँकशाफ्टची बेअरिंगे, पाणी व तेल यांचे मार्ग हे सर्व त्यातच कोरलेले असतात. गेल्या शतकाच्या मध्यास ब्रिटनमध्ये तयार झालेल्या बहुतेक छोट्या मोटारींचे ब्लॉक बिडाचे असत. या मोटारी आजही हौशी शर्यतींत धावतात. त्यांपैकी काहींसाठी मूळ उत्पादकाने नव्हे, तर स्वतंत्र कारखान्यांनी ओतलेले अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचे ब्लॉक वापरात आले आहेत. ते का हवेसे वाटतात, त्यांत कोणत्या अडचणी आहेत आणि शर्यतीचे नियम त्यांकडे कसे पाहतात, याचा हा परिचय. उदाहरण मुख्यतः प्रसिद्ध 'मिनी' या मोटारीचे घेतले आहे.

मिनी आणि तिचे इंजिन

सर अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी आखलेली मिनी २६ ऑगस्ट १९५९ रोजी बाजारात आली. तिच्यातील 'ए-मालिका' हे इंजिन मात्र त्याहून जुने होते. १९५१ मध्ये ऑस्टिन ए-३० या मोटारीत ते ८०३ सीसी आकारात प्रथम वापरले गेले. मिनीसाठी ते ८४८ सीसीचे झाले आणि पुढे १२७५ सीसीपर्यंत वाढले. याच ब्रिटिश कंपनीच्या 'बी-मालिके'तील १४८९ सीसीचे इंजिन भारतीय वाचकांच्या परिचयाचे आहे. हिंदुस्थान मोटर्सच्या अ‍ॅम्बॅसॅडरमध्ये ते अनेक वर्षे वापरले जात होते.

मिनीच्या शर्यतीतील कीर्तीचा पाया १९६१ च्या 'कूपर' व १९६३ च्या 'कूपर एस' या आवृत्त्यांनी घातला. माँटे कार्लो रॅली मिनीने १९६४ मध्ये पॅडी हॉपकर्क, १९६५ मध्ये टिमो मॅकिनेन आणि १९६७ मध्ये राउनो आल्टोनेन यांच्या हाती जिंकली. १९६६ मध्येही पहिले तीन क्रमांक मिनीचेच होते. परंतु दिव्यांच्या नियमावरून त्या मोटारी अपात्र ठरविण्यात आल्या. मिनीचे उत्पादन ऑक्टोबर २००० मध्ये थांबले आणि त्याबरोबरच ए-मालिकेचे सुमारे अर्धशतकाचे आयुष्यही संपले.

बिडाच्या ब्लॉकची मर्यादा

१२७५ सीसीच्या इंजिनात सिलिंडरचा व्यास सुमारे ७०.६ मिलिमीटर, तर दट्ट्याचा प्रवास ८१.२८ मिलिमीटर असतो. मूळच्या लहान ब्लॉकच्या लांबीत एवढे मोठे सिलिंडर बसविण्यासाठी त्यांच्या मध्यरेषा सरकवाव्या लागल्या. शेजारच्या सिलिंडरांच्या जोड्या एकमेकींना चिकटल्या आणि त्यांच्यामध्ये पाणी खेळण्यास जागा उरली नाही. शर्यतीसाठी हेच सिलिंडर ७३.५ मिलिमीटरपर्यंत कोरले, तर इंजिन सुमारे १३८० सीसीचे होते. मात्र तेव्हा भिंती अतिशय पातळ होतात. ओतकामात गाभा किंचित सरकलेला असेल तर एका बाजूस धातू फारच थोडा राहतो आणि तेथे तडा जाण्याचा धोका निर्माण होतो.

दुसरी मर्यादा क्रँकशाफ्टची आहे. तिला केवळ तीन मुख्य बेअरिंगांचा आधार असतो. उच्च वेगात मधल्या बेअरिंगवर मोठा ताण येतो. म्हणून शर्यतीच्या इंजिनात मधल्या टोपीवर पोलादी पट्टी चढवितात किंवा संपूर्ण टोपीच पोलादाची बसवितात. अशा उपायांनी आयुष्य वाढते, पण थकलेले जुने बीड नवे होत नाही. मूळ उत्पादकाचे उत्पादन कधीच थांबले आहे. प्रत्येक फुटलेल्या ब्लॉकबरोबर जुन्या मूळ ब्लॉकांचा साठा एकाने घटतो.

मिश्रधातूचे लाभ

बिडाची घनता घन सेंटिमीटरला सुमारे ७.२ ग्रॅम, तर अ‍ॅल्युमिनियमची सुमारे २.७ ग्रॅम असते. याचा अर्थ ब्लॉकचे वजन थेट तितक्या प्रमाणात घटते असा नव्हे. अ‍ॅल्युमिनियम बिडाहून लवचीक असल्याने भिंती व फासळ्या जाड ठेवाव्या लागतात आणि आत बहुधा लोखंडी अस्तरे बसवावी लागतात. तरीही होणारी बचत लक्षणीय असते. मिनीत इंजिन आडवे असून गिअरपेटी त्याच्याच खाली, तेलाच्या कुंडात असते. हा सर्व भार पुढच्या चाकांवर पडतो. तेथील प्रत्येक किलो कमी झाला की वळणावर मोटार अधिक तत्परतेने वळते.

अ‍ॅल्युमिनियम उष्णताही बिडापेक्षा कितीतरी जलद वाहून नेते. शिवाय नव्या ब्लॉकमध्ये जुन्या आराखड्यातील कमकुवत जागी धातू वाढविता येतो, मुख्य बेअरिंगांच्या टोप्या रुंद करता येतात आणि सिलिंडर झिजल्यास केवळ अस्तर बदलता येते.

घडण आणि अडचणी

असे ब्लॉक सामान्यतः वाळूच्या साच्यात ओतले जातात. सिलिकॉन व थोडे मॅग्नेशियम असलेला मिश्रधातू यासाठी पसंत केला जातो. ओतकामानंतर तो सुमारे ५४० अंश सेल्सिअसला तापवून झटकन थंड करतात आणि पुढे कमी तापमानावर काही तास ठेवून त्याची ताकद वाढवितात. ओतकामात सूक्ष्म छिद्रे राहिल्यास पाणी व तेल झिरपते, म्हणून प्रत्येक नग दाबाखाली तपासणे आवश्यक असते.

सर्वांत मोठी कसोटी प्रसरणाची. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट पसरते. २०० मिलिमीटर उंचीचा ब्लॉक ७० अंशांनी तापला, तर बिडाचा सुमारे ०.१५ मिलिमीटर आणि अ‍ॅल्युमिनियमचा सुमारे ०.२९ मिलिमीटर वाढतो. ए-मालिकेत झडपा पोलादी दांड्यांनी उघडतात व त्या दांड्या तितक्या वाढत नाहीत. परिणामी गरम इंजिनात झडपांची फट रुंदावते आणि थंड स्थितीतील माप बदलावे लागते. बेअरिंगांची घरेही पसरतात. त्यामुळे तेलाचा दाब घसरू शकतो. खिळी व बोल्ट यांचे आटे मऊ धातूत उखडू नयेत म्हणून त्यांत पोलादी आटे बसवितात. पाण्यात गंजरोधक द्रव्य नसेल, तर लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्या संगतीने गंज लवकर लागतो. बिडाचे इंजिन बांधण्याचा अनुभव येथे जसाच्या तसा कामी येत नाही.

पूर्वपरंपरा आणि नियम

छोट्या मोटारीत अ‍ॅल्युमिनियमचे इंजिन ही कल्पना नवी नाही. १९६३ मध्ये आलेल्या हिलमन इम्पचे ८७५ सीसीचे इंजिन मुळातच अ‍ॅल्युमिनियमचे होते. तिच्याच सनबीम इम्प या भावंडावर बिल मॅकगव्हर्न यांनी १९७०, १९७१ आणि १९७२ अशी सलग तीन वर्षे ब्रिटिश सलून मोटार स्पर्धा जिंकली. फोर्ड एस्कॉर्टच्या कॉसवर्थ बीडीए इंजिनाचा ब्लॉक प्रारंभी बिडाचा होता. १९७२ मध्ये ब्रायन हार्ट यांनी त्यासाठी अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक तयार केला आणि १६०१ सीसीचे इंजिन जवळपास दोन लिटरपर्यंत नेणे शक्य झाले.

येथेच नियमांतील महत्त्वाचा भेद स्पष्ट होतो. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या 'परिशिष्ट के'नुसार ऐतिहासिक मोटार तिच्या काळातील रचनेशी जुळणारी असली पाहिजे. तिच्या तांत्रिक पासपोर्टमध्ये त्या रचनेची नोंद असते. एस्कॉर्टचा अ‍ॅल्युमिनियम ब्लॉक त्या काळीच अस्तित्वात होता, त्यामुळे तो तिच्या इतिहासाचा भाग आहे. साठच्या दशकातील मिनी कूपर एससाठी मात्र नंतर ओतलेला ब्लॉक हा इतिहासाबाहेरचा ठरतो. तो हलका असल्याने बिडाच्या ब्लॉकवर धावणाऱ्या प्रतिस्पर्ध्यावर अन्यायही होतो. डोंगरचढ व तत्सम स्पर्धांच्या खुल्या वर्गांत, जेथे इंजिनात बदल करण्यास मोकळीक असते, तेथे त्याला वाव आहे.

मूळ ब्लॉक जपावेत तर मोटारी उभ्या राहतात. त्या पळवाव्यात तर ब्लॉक खर्ची पडतात. यावर काही जण मूळ क्रमांकाचा ब्लॉक काढून सुरक्षित ठेवतात व शर्यतीसाठी दुसरा वापरतात. नवा ब्लॉक बिडाचा असावा की अ‍ॅल्युमिनियमचा, हे ज्या वर्गात उतरायचे त्याच्या नियमपुस्तिकेवर अवलंबून असते. म्हणून खरेदीपूर्वी ती पुस्तिका वाचणे आणि बदललेल्या इंजिनाची नोंद मोटारीच्या कागदपत्रांत प्रामाणिकपणे करणे, या दोन गोष्टी मोटारीच्या मालकास टाळता येत नाहीत.