आईसाठी काढलेलं चर्च

व्हिन्सेंट व्हॅन गॉग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सूर्यफुलं येतात, नाहीतर तारकांनी घुसळून निघालेलं आकाश. आज मात्र मला त्याच्या एका लहानशा, करड्या-तपकिरी तैलचित्राविषयी बोलायचं आहे. उंची ४१.५ सेंटिमीटर, रुंदी ३२ च्या आसपास. भिंतीवर टांगायच्या साध्या कॅलेंडरएवढं. चित्रात एका डच खेड्यातलं चर्च आहे, पानगळीतली झाडं आहेत आणि प्रार्थना आटोपून बाहेर पडणारी माणसं आहेत. गावाचं नाव न्यूनेन.

हे चर्च इतकं लहान का, याचं उत्तर इतिहासात आहे. न्यूनेन हे नेदरलँड्सच्या दक्षिणेकडच्या ब्राबांट भागातलं गाव. इथली बहुतेक रयत कॅथलिक. पण १६४८ च्या तहानंतर हा मुलूख प्रोटेस्टंट सत्तेखाली राहिला. कॅथलिकांची जुनी चर्च त्यांच्या हातून गेली, उघड उपासनेला मनाई झाली. कोठारांसारख्या दिसणाऱ्या इमारतींमध्ये जमून ते प्रार्थना करत. १७९५ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीचं वारं तिथं पोहोचलं आणि सर्व पंथांना समान हक्क मिळाले. जुनी चर्च हळूहळू कॅथलिकांकडे परत जाऊ लागली. मग मूठभर प्रोटेस्टंटांसाठी ठिकठिकाणी छोटी चर्च उभी राहिली. न्यूनेनचं हे अष्टकोनी चर्च १८२४ मधलं. म्हणजे राज्यकर्त्यांच्या पंथाचं, पण गावात अल्पसंख्य असलेल्यांचं. डोक्यावर एक चिमुकला मनोरा, बस्स.

१८८२ मध्ये या चर्चमध्ये पाद्री म्हणून आले थिओडोरस व्हॅन गॉग, व्हिन्सेंटचे वडील. पुढच्या वर्षी डिसेंबरात तिशीचा व्हिन्सेंट हात हलवत त्यांच्या घरी परतला. कमाई नाही, संसार नाही. वडिलांशी जुना तंटा होता. एके काळी हाच मुलगा धर्मानं भारलेला होता. बेल्जियममधल्या कोळसा खाणींच्या भागात त्यानं धर्मोपदेशकाचं काम केलं, जवळचं होतं नव्हतं ते गरिबांना वाटून टाकलं. वरिष्ठांना ते रुचलं नाही आणि त्याची नेमणूक पुढे चालू ठेवली गेली नाही. तिथून त्याचं मन चर्चपासून उडत गेलं. १८८१ च्या नाताळात चर्चला यायला त्यानं साफ नकार दिला, तेव्हा वडिलांनी त्याला घराबाहेर काढलं होतं. आता तोच मुलगा पाद्र्याच्या घरात, चर्चला न जाता राहणार होता.

अशात जानेवारी १८८४ मध्ये आईला अपघात झाला. आगगाडीतून उतरताना ती पडली आणि तिचं मांडीचं हाड मोडलं. व्हिन्सेंटनं तिची मनापासून शुश्रूषा केली. अंथरुणाला खिळलेल्या बाईला चर्चला जाता येईना. मग चर्चला न जाणाऱ्या मुलानं चर्चच तिच्यापर्यंत आणलं. आईसाठी हे चित्र काढल्याचं त्यानं भाऊ थिओला पत्रातून कळवलं, सोबत रेखाटनही धाडलं. त्या रेखाटनात झाडं हिवाळ्यातली, उघडीबोडकी आहेत आणि समोर फावडं घेतलेला एकटा शेतकरी आहे. देवळाचं चित्र, पण त्यात माणूस ठेवला तो कष्टकरी.

पुढच्या वर्षी घरावर घाला पडला. २६ मार्च १८८५ रोजी फिरून परत येताना वडील दारातच कोसळले आणि गेले. ३० मार्चला त्यांना मूठमाती दिली. तो व्हिन्सेंटचा बत्तिसावा वाढदिवस होता. त्यानंतरच्या महिन्यांत त्याचा हात थांबला नाही. ‘बटाटे खाणारे’ हे आज जगप्रसिद्ध असलेलं चित्र याच काळातलं, याच गावातलं. वडिलांना पुरलं त्या दफनभूमीतला जुना मध्ययुगीन मनोरा तेव्हा पाडला जात होता, तोही त्यानं रंगवून ठेवला. शरद ऋतूत गावच्या कॅथलिक धर्मगुरूनं आपल्या लोकांना व्हिन्सेंटसमोर चित्रासाठी बसायला मनाई केली. माणसं मिळेनात, तेव्हा ऑक्टोबरात त्यानं टेबलावर वडिलांचं भलंमोठं बायबल उघडून ठेवलं, शेजारी विझलेली मेणबत्ती आणि पुढ्यात झोलाची एक हाताळून जुनी झालेली कादंबरी. एका घरातल्या दोन माणसांचे दोन ग्रंथ.

त्याच शरदात तो आईसाठी काढलेल्या चर्चकडे वळला. उघड्या फांद्यांवर त्यानं पिवळी-तांबूस पानं चढवली. शेतकऱ्याला रंगाखाली बुजवलं आणि त्याच्या जागी चर्चमधून बाहेर येणारे लोक उभे केले. त्यातल्या काही बायकांनी पांघरलेल्या शाली सुतकात घ्यायच्या आहेत. क्ष-किरणांच्या तपासणीत तो फावडेवाला आजही खाली दिसतो.

कविता लिहिणाऱ्याला हे खोडणं-जोडणं चांगलं कळतं. जुनी कविता फाडून नवी लिहिता येते. पण कधी कधी जुन्या ओळींमध्येच नवं दुःख सामावून घ्यावं लागतं, कारण ती कविता कुणाला तरी दिलेली असते. व्हिन्सेंट श्रद्धेकडे परतला नाही. वडिलांशी झालेले वादही त्यानं मागे घेतले नाहीत. पण ज्या माणसांत वडिलांचा जन्म गेला, त्या माणसांना त्यानं चित्रात जागा दिली. मतभेद तसेच ठेवूनही माणसाचा मान राखता येतो, हे मला या चित्रात दिसतं. धर्मावरून घराघरांत, गल्लीगल्लीत भिंती उभ्या राहतात, तेव्हा हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

नोव्हेंबर १८८५ मध्ये त्यानं न्यूनेन सोडलं आणि मायदेशी पुन्हा राहायला तो आला नाही. चित्राचं नशीब मात्र पुढेही खडतर निघालं. ७ डिसेंबर २००२ च्या पहाटे चोर शिडी लावून ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयाच्या छपरावर चढले आणि खिडकी फोडून आत शिरले. त्यांनी दोन चित्रं पळवली, त्यातलं एक हे. चोर पकडले गेले, त्यांना शिक्षाही झाली, पण चित्रं मिळाली नाहीत. सप्टेंबर २०१६ मध्ये इटलीच्या पोलिसांना ती नेपल्सजवळ एका घरात सापडली, अमली पदार्थांच्या तस्करीचा तपास करता करता. चौकटी गेल्या होत्या. चर्चचं चित्र मात्र कडांवरच्या किरकोळ इजा सोडता शाबूत होतं. मार्च २०१७ मध्ये ते संग्रहालयात परतलं.

न्यूनेनमधलं ते अष्टकोनी चर्चही अजून उभं आहे. त्याला बांधून दोनशे वर्षं झाली. गावात त्याला आता व्हॅन गॉगचं चर्च म्हणतात. तिथं उपदेश करणाऱ्या बापापेक्षा, आत जायला नकार देणाऱ्या मुलाच्या नावानं ते अधिक ओळखलं जातं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)