मंगलाष्टकांतील वधूचा आवाज

मध्यंतरी एका माजी विद्यार्थिनीने आम्हाला गळ घातली. विवाह नोंदणी पद्धतीचा, भटजी नाहीत. तेव्हा चार शब्द तुम्हीच बोला. आम्ही दोन पाने लिहिली. वाचून पाहिली तर एक पान व्याख्यान झाले होते आणि दुसरे शुभेच्छापत्र. या फजितीमुळेच आम्ही जोतीराव फुल्यांच्या मंगलाष्टकांकडे पुन्हा वळलो.

सत्यशोधक समाज २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात स्थापन झाला आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला पुरोहिताविना पहिला विवाह लागला. पुढे १८८४ मध्ये ओतूरला असे विवाह झाले तेव्हा दक्षिणेच्या हक्कासाठी जोशी न्यायालयात गेले आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. हा सामाजिक इतिहास परिचित आहे. पण पुरोहित उठून गेल्यावर त्याच्या जागी बोलायचे कोणी आणि कोणत्या स्वरात, हा वाङ्मयीन प्रश्न आमच्या वर्गात तरी क्वचितच निघतो.

सरकारने त्याचे एक उत्तर दिले होते. १८७२ च्या विवाह कायद्यानुसार निबंधक आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर वधूवरांनी परस्परांचा स्वीकार केल्याचे एकेक वाक्य उच्चारायचे. शिवाय आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती इत्यादी धर्म मानीत नाही, असेही जाहीर करायचे. वाक्य नेमके खरे. पण ऐकून अक्षता टाकाव्यात असे त्यात काही नाही.

जोतीरावांनी १८८७ च्या पूजाविधीच्या पुस्तिकेत मंगलाष्टके दिली, ती मराठीत आणि शार्दूलविक्रीडिताच्या चालीवर. एकोणीस अक्षरांची ओळ, बाराव्या अक्षरावर यती : मंडपातील कानांना पिढ्यान्‌पिढ्या सवयीचा असलेला हा घाट त्यांनी मोडला नाही. (काही ओळी वृत्तात अडखळतात, आमच्या छंदशास्त्राच्या तासाला त्यांचे गुण कापले गेले असते.) उलटवली ती बोलण्याची दिशा. रूढ मंगलाष्टकांत अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना वधूवर मुके उभे असतात आणि तिसराच कोणी देवतांना आणि नद्यांना साद घालतो. इथे वर वधूशी बोलतो, वधू वराशी. आणि वधू एकवचनात बोलतच नाही. स्वातंत्र्याचा अनुभव आम्हा स्त्रियांना मुळी मिळालेलाच नाही, असे सांगून ती वराकडे स्त्रियांच्या अधिकारांविषयी शपथ मागते. त्या अधिकारांसाठी झटण्याचे वचन वर देतो. इतर सर्व स्त्रियांना बहिणी मानीन, तूच एकटी प्रिया, असेही म्हणतो. हक्काची भाषा आणि शृंगाराची एक पुसट छटा एकाच कडव्यात नांदते, ही आम्हाला या रचनेची सर्वांत अवघड सिद्धी वाटते.

एक शंका मात्र सोडवत नाही. हे शब्द वधूच्या तोंडी असले तरी लेखणी जोतीरावांची आहे. बालविवाहाच्या त्या काळात सासऱ्यादेखत ते उच्चारताना एखाद्या मुलीचा आवाज फुटला तरी असेल का? तो आवाज कागदावर उतरलेला नाही. तरीही मागणी आधी वधूची आणि शपथ नंतर वराची, हा क्रम आम्हाला निर्णायक वाटतो. तो उलटा असता तर अधिकार हे वराचे औदार्य ठरले असते.

आम्ही आमची दोन्ही पाने बाजूला ठेवली. त्या दिवशी कडवी वधूवरांनीच म्हटली. ती कुठून आली एवढेच आम्ही सांगितले, आणि त्याला तीन मिनिटेही लागली नाहीत.