शहराबाहेरचे दारूकाम अंगणात आले

दिवाळीच्या फटाक्यांचा विषय वसंतात कशाला, असे कुणी विचारील. पण हात भाजल्यावर नियम ऐकून उपयोग नसतो. तो आधीच ऐकावा लागतो. आणि या नियमांना इतिहास आहे.

पुण्याच्या भांडारकर संस्थेतले संशोधक परशुराम कृष्ण गोडे यांनी १४०० ते १९०० या काळातील भारतीय दारूकामाचा इतिहास १९५३ साली इंग्रजीत प्रसिद्ध केला. त्यात पेशव्यांच्या बखरीतला एक प्रसंग आहे. महादजी शिंदे सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचे वर्णन सांगतात. चार दिवस दारूकाम चाले. दारूची लंका, दारूचे राक्षस, दारूचाच हनुमान. त्याचे शेपूट पेटले की तो लंका जाळीत सुटे. यातली एक गोष्ट वाचताना सहज निसटते : हा सारा खेळ शहराबाहेर होत असे. वस्ती लांब, प्रेक्षक लांब, आणि दारूला हात जाणत्या कारागिराचा.

पुढे विसाव्या शतकात तामिळनाडूतील शिवकाशीच्या अय्या नाडार आणि षण्मुग नाडार यांनी कलकत्त्याला जाऊन काड्यापेटीचा धंदा शिकून घेतला. शिवकाशीत आधी काड्यापेट्या आल्या, मागून फटाके. माल स्वस्त झाला, राजाचा खेळ चाळीत आला. हे योग्यच झाले; आनंद हा काही राजांचा मक्ता नव्हे. परंतु खेळ आला तेव्हा मैदान मागे राहिले, आणि कारागीरही.

कारागिराला काय ठाऊक असते? क्लोरेट आणि गंधक एकत्र केले की नुसत्या घासण्याने किंवा ठोक्याने भडका उडतो. फटाक्यांत हे मिश्रण वापरण्यास इंग्लंडने १८९४ साली बंदी घातली. आपल्याकडे त्यासाठी १९९२ साल उजाडावे लागले. मधल्या अठ्ठ्याण्णव वर्षांची किंमत कोणी मोजली, हे माझ्यासारख्या कामगार संघटनेच्या माणसाने सांगायला नको. बंदीनेही सारे भागले नाही. ५ सप्टेंबर २०१२ रोजी शिवकाशीजवळ मुदलीपट्टी येथील कारखान्याच्या आगीत सुमारे ४० माणसे गेली.

म्हणून कारखान्याच्या नियमांत तीन गोष्टी येतात : शेडाशेडांत अंतर, एका शेडमध्ये मोजकी माणसे, आणि थोडा थोडा माल. पगारी कामगाराला जे संरक्षण आपण हक्क म्हणून मागतो, ते घरच्या पोराला का नसावे?

ते द्यायला पैसे फारसे लागत नाहीत. फटाके मोकळ्या जागी उडवावेत. जिन्यात, गॅलरीत, गवताच्या गंजीजवळ नव्हे. पेटी बंद करून दूर ठेवावी, एका वेळी एकच नग बाहेर काढावा. अंगात सुती, आटोपशीर कपडे असावेत. लांब उदबत्तीने वात पेटवावी, तोंड वर झुकवू नये, आणि लगेच मागे सरावे. डब्याखाली किंवा बाटलीत फटाका लावू नये. पत्र्याचे आणि काचेचे तुकडे गोळीसारखे उडतात. न उडालेला फटाका पुन्हा पेटवू नये. बराच वेळ थांबून दुरूनच त्यावर पाणी ओतावे. फुलबाजीला आपण बाळाचे खेळणे समजतो, पण तिची ठिणगी हजार अंशांच्याही वर तापते. विझलेली तार बादलीतच टाकावी, अनवाणी पायांसाठी ठेवू नये. भाजलेच, तर वीस मिनिटे नळाचे गार पाणी सोडावे. शाई, तूप, टूथपेस्ट काही लावू नये. डोळ्याला लागले तर डोळा न चोळता थेट डॉक्टर गाठावा.

माल परवान्याच्या दुकानातूनच घ्यावा. चोरट्या मालात काय भरले आहे, हे घेणाऱ्याला कळत नाही. आणि तो भरणारा हातही कुठल्याच नियमाच्या आसऱ्याला नसतो.

कोट्याच्या राजाजवळ मैदान होते आणि कारागीर होते. आपल्याजवळ चार पावलांचे अंतर, पाण्याची बादली आणि शेजारी उभे राहणारे एक जाणते माणूस एवढे तरी असू शकते. यंदाच्या दिवाळीत प्रत्येक वाड्याने आणि चाळीने तो जाणता माणूस आधीच नेमून ठेवावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.