ऑलिव्ह ग्रीनच्या खालचे रंग

दिल्लीतल्या पोस्टिंगमध्ये जुन्या गाड्यांच्या शौकिनांशी गाठ पडतेच. 'स्टेट्समन'ची व्हिंटेज रॅली इथे १९६४ पासून भरते. फौजी दिसला की प्रश्न ठरलेला: "सर, जोंगाचा ओरिजिनल रंग कोणता?"

ऑलिव्ह ग्रीन, हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरं.

दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्डने मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. त्यांचा रंग ऑलिव्ह ड्रॅब, मुद्दाम बिनचकाकीचा. चकाकणारं बॉनेट उन्हात लांबूनही दिसतं. पुढे मुंबईच्या महिंद्राने जीप बांधल्या, जबलपूरला निसान पेट्रोलवर आधारित जोंगा तयार झाली, आणि १९८५ पासून गुडगावची जिप्सी आली. फौजेत तिघींचा वेश एकच, हिरवा.

मुलूख बदलला की मात्र रंगही बदलतो. राजस्थानात हिरव्यावर वाळूच्या रंगाचे पट्टे चढतात. राष्ट्रसंघाच्या मोहिमेवर तीच गाडी पांढरी होते. हवाई दलाची गाडी निळी. ब्रिटिशांच्या एसएएसने तर वाळवंटासाठी लँड रोव्हर चक्क गुलाबी रंगवल्या, कारण पहाटे आणि संध्याकाळी तिथे तोच रंग वाळूत मिसळतो!

म्हणून जुनी गाडी घेतली की घाईने घासू नका. डॅशबोर्डच्या आत, माहितीच्या पट्टीमागे, टूलबॉक्सच्या तळाशी बघा. तिथे ब्रश सहसा पोचलेला नसतो. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून रुपयाएवढी जागा हलक्या हाताने घासा. झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसू लागतात: हिरवा, वाळू, पुन्हा हिरवा, तळाशी प्रायमर. गाडीचं सर्व्हिस रेकॉर्डच म्हणा ना.

आता खरी अडचण. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२१ सांगतो, ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना. २०२१ चे व्हिंटेज नियम मात्र ५० वर्षांवरच्या गाडीने मूळ स्वरूपात असावं असं म्हणतात. म्हणजे लिलावात निघालेल्या जोंगाला तिचा स्वतःचा रंगच लावता येत नाही. त्यामुळे रॅलीत ती लाल, पिवळी, काळी दिसते.

माझं मत विचाराल तर नियम १२१ योग्यच आहे. फौजी रंगाची गाडी पाहून लोक वाट सोडतात. त्या विश्वासाचा गैरफायदा कोणी घ्यायला नको. पण सगळा जुना रंग खरवडून टाकायचीही गरज नाही. सीटखाली तळहाताएवढा तुकडा तसाच ठेवा, त्यावर पारदर्शक वॉर्निश मारा. बाहेरून गाडी कायद्यात राहील आणि आत इतिहास.

आणि निवृत्त मंडळींना एक विनंती. ६५ आणि ७१ च्या लढायांचे आपल्याकडचे बहुतेक फोटो कृष्णधवल आहेत. त्यातली जीप हिरवी होती, पट्ट्यांची होती की चिखलाने माखलेली, हे तुम्हालाच ठाऊक. फोटोच्या मागे ठिकाण, साल आणि गाडीचा रंग एवढं लिहून ठेवा, सर. फोटो नातवंडांकडे राहील. रंग मात्र तुम्ही लिहिला तरच त्यांना कळेल.