ताईत, यंत्र आणि बारी : विदर्भातील मंत्रचिकित्सा
विदर्भात रोगनिवारक मंत्राची दोन रूपे शेजारीशेजारी नांदत आली : एक लिहून अंगावर बांधायचे आणि दुसरे मुखाने म्हणायचे. लिहायचा मंत्र भूर्जपत्रावर, म्हणजे हिमालयातील भूर्ज वृक्षाच्या सालीवर, अष्टगंधाने व डाळिंबाच्या काडीने लिहावा आणि घडी करून ताइतात, म्हणजे धातूच्या पोकळ नळीत, घालून दंडावर वा गळ्यात बांधावा, असा प्रघात होता. त्यात पुष्कळदा अक्षरांऐवजी अंकच असत. इ. स. ९०० च्या सुमारास वृंदाने रचलेल्या ‘सिद्धयोग’ या वैद्यकग्रंथात प्रसूती सुलभ व्हावी म्हणून नऊ घरांचे यंत्र सांगितले आहे. त्याच्या पहिल्या ओळीत १६, ६, ८, दुसरीत २, १०, १८ आणि तिसरीत १२, १४, ४ असे अंक असून उभी, आडवी वा तिरपी कोणतीही ओळ घेतली तरी बेरीज ३० भरते. काढे आणि यंत्र एकाच ग्रंथात सांगितलेले असताना यंत्राला वैद्यकाच्या इतिहासातून वगळणे अन्यायाचे होईल.

इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसवरील, म्हणजे पाणवनस्पतीच्या गाभ्यापासून केलेल्या पत्रांवरील, ग्रीक मंत्रलेखांतही ताप उतरवण्यासाठी एखादा गूढ शब्द ओळीगणिक एकेक अक्षर गाळत लिहिलेला आढळतो. अक्षरे सरतील तसा ताप सरावा, ही त्यामागची धारणा.

सर्पविषावरचा मंत्र मात्र विदर्भात मुख्यतः गुरुमुखातूनच टिकला. नागपंचमीला म्हटल्या जाणाऱ्या बाऱ्या, म्हणजे नागाला उद्देशून गायची मंत्रगीते, याच परंपरेतल्या. १८९० साली मध्य आशियातील कुचा येथे मिळालेल्या ‘बॉवर’ हस्तलिखितात लसणाच्या गुणांबरोबरच सर्पदंशावरील महामायूरी विद्याही भूर्जपत्रांवर लिहिलेली आहे, त्यावरून या परंपरेची खोली कळते.

डिसेंबर २०१३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात संमत झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू वा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा ठरवला, आणि ते योग्यच झाले, कारण नाग, मण्यार, घोणस वा फुरसे यांचे विष अंगात भिनले असता प्रतिसर्पविष हाच खरा उपचार होय. बाऱ्या टिपून ठेवण्यास त्या कायद्याची आडकाठी नाही. रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ साली नागपूरहून प्रसिद्ध केली, तिच्यात पोथ्यांची नोंद झाली. गायकाच्या कंठातील बारीची नोंद करायची तर शब्द, चाल आणि शिकवणाऱ्या गुरूची परंपरा ही तिन्ही एकत्रच टिपावी लागतील.