गाण्याचा अर्थ कोणाचा?

ब्लॅक सॅबाथ या इंग्लिश मेटल वाद्यवृंदाचे १९७० सालचे गाणे 'एन. आय. बी.'. त्या अक्षरांत चाहत्यांनी काळोखातला जन्म शोधला. गीतकार गीझर बटलर यांनी खुलासा केला : ढोलवादकाची दाढी पेनाच्या निबासारखी दिसे, एवढेच! तरी चाहते अगदीच चुकले नव्हते; गाण्यात बोलतो तो सैतानच.

मालवण तालुक्यातल्या आमच्या कट्टा गावी माझी आई 'ये रे घना' हे पावसाचेच गाणे मानी. कुडाळात खाणावळ चालवलेल्या आरती प्रभूंचे (१९३०-१९७६) चरित्र वाचून मी सांगे, हे प्रसिद्धीला बावरलेले मन आहे. ती म्हणे, "माका पाऊसच दिसता."

आज ती नाही. तिचा पाऊस मात्र मला खोटा ठरवता आलेला नाही.