सीमेपार जाणारी व्यक्तिगत माहिती : युरोपचा कायदा आणि भारतीय कंपन्या

जर्मनीतील एखाद्या कारखान्याच्या कामगारांचे पगारपत्रक पुण्यातील कंपनी तयार करते, तेव्हा त्या कामगारांची नावे, पत्ते व बँक खात्यांचे तपशील युरोपच्या सीमेबाहेर जातात. कायद्याच्या परिभाषेत हे ‘हस्तांतरण’ होय. माहिती युरोपातील सर्व्हरवरच ठेवून पुण्यातील कंपनीला ती केवळ पाहू दिली, तरीही ते हस्तांतरणच ठरते.

पुरेसे संरक्षण नसलेल्या देशात व्यक्तिगत माहिती पाठवू नये, हे तत्त्व युरोपीय संघाने १९९५ च्या निर्देशात मांडले. २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या ‘जीडीपीआर’ या कायद्यात त्याला अधिक काटेकोर रूप मिळाले. त्यानुसार माहिती पाठविण्याचे तीन प्रमुख मार्ग आहेत.

पहिला, युरोपीय आयोगाने संबंधित देशाचे संरक्षण पुरेसे असल्याचा निर्णय देणे. जपानला २०१९ मध्ये व दक्षिण कोरियाला २०२१ मध्ये अशी मान्यता मिळाली. भारताला ती मिळालेली नाही. दुसरा, आयोगाने ठरवून दिलेल्या प्रमाणित कलमांचा करारात समावेश करणे. भारतीय कंपन्यांची मुख्य भिस्त यावरच असते. तिसरा, बहुराष्ट्रीय उद्योगसमूहांनी नियामकांकडून मंजूर करून घेतलेली अंतर्गत नियमावली. याखेरीज व्यक्तीची स्पष्ट संमती यांसारखे अपवाद आहेत. मात्र नित्याच्या व्यवहारासाठी त्यांचा आधार घेता येत नाही.

केवळ करारावर सही करून भागत नाही. ऑस्ट्रियातील मॅक्स श्रेम्स यांच्या तक्रारींमुळे अमेरिकेबरोबरच्या दोन व्यवस्था युरोपीय न्यायालयाने २०१५ व २०२० मध्ये रद्द केल्या. दुसऱ्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले, की माहिती स्वीकारणाऱ्या देशातील सरकारला ती कितपत पाहता येते, हेही तपासले पाहिजे. त्यामुळे भारतातील कंपनीशी करार करताना माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ६९ चा विचार होतो. कारण ते सरकारला संगणकीय माहिती तपासण्याचे अधिकार देते. नियमभंगासाठी २ कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या ४ टक्के, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तेथपर्यंत दंड होऊ शकतो. २०२३ मध्ये आयर्लंडच्या नियामकाने मेटा कंपनीला १२० कोटी युरोंचा दंड ठोठावला.

भारताने वेगळी वाट धरली आहे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याच्या कलम १६ नुसार, केंद्र सरकार अधिसूचनेद्वारे ज्या देशांवर निर्बंध घालील, ते वगळता अन्यत्र माहिती पाठविता येते. अन्य कायद्यांतील अधिक कडक बंधने मात्र कायम राहतात. उदाहरणार्थ, देयक व्यवहारांची माहिती भारतातच साठवावी, असा रिझर्व्ह बँकेचा एप्रिल २०१८ चा आदेश आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. उद्योगांवरील मुख्य बंधनांसाठी तेथून १८ महिन्यांची मुदत देण्यात आली.

परदेशी कंपनीशी करार करून परदेशस्थ व्यक्तींच्या माहितीवर काम करणाऱ्या भारतीय कंपन्यांना या कायद्यातील अनेक तरतुदींतून सूट आहे. तथापि, माहिती सुरक्षित राखण्याची जबाबदारी सुटत नाही. त्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणूनच परदेशातील काम हाती घेण्यापूर्वी कोणती माहिती येणार, ती कोण पाहणार, पुढे कोणत्या उपकंत्राटदाराकडे जाणार आणि काम संपल्यावर केव्हा नष्ट होणार, हे करारात लिहून ठेवणे कंपनीच्याच हिताचे ठरते.